पेवातला कंदील कुणाचा?

गेल्या दिवाळीपासून आमच्या सांगलीतल्या लिहित्या-वाचत्या मंडळीत एक वाद पेटलाय आणि तो इतक्या वाईट पद्धतीनं चाललाय की शेवटी म्हटलं आपणच बसून लिहावं. झालं असं, माझा एक मित्र, ज्युनियर कॉलेजला शिकवतो, चार वर्षं झाली हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, कादंबरी लिहितोय. लिहितोय म्हणजे काय, वर्षातले दोन महिने लिहितो, बाकीचे दहा महिने पेपर तपासतो, इलेक्शन ड्युटी करतो आणि आम्हाला चहा पाजून कादंबरी तोंडी सांगतो. आणि दिवाळीत एका अंकात तासगावकडच्या एका मुलीची दीर्घकथा आली. विषय हरिपूरची पेवं. त्यात हमाल. त्यात पेवात कंदील सोडायचा प्रसंग. ह्यानं स्टॉलवर उभ्या उभ्याच ती वाचली, अंक मिटून जागेवर ठेवला, आणि "घ्या, गेलं आपलं" एवढंच म्हणाला.

मग लगेच दोन पार्ट्या. एक म्हणते चोरली, कुठंतरी कानावर गेली असणार, सांगली काय एवढी मोठी आहे होय, हा कुणाकुणाला सांगत फिरला ते विचारा आधी. दुसरी म्हणते कल्पनेचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो, आणि वर 'व्यासोच्छिष्टं जगत् सर्वम्', म्हणजे सगळं जग व्यासांनी आधीच उष्टं केलंय, असं फेकून मोकळी. आणि ह्या दोघांच्या मधी एक समजूतदार, वयानं मोठी मंडळी आहेत, त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "जाऊ दे रं, दुसरं काहीतरी घे लिहायला, झालंय ते आता." भांडण पहिल्या दोघांचं चाललंय, पण माझं म्हणणं असं की घात केला तो ह्या तिसऱ्या वाक्यानं. झालंय ते! चोरीची एखादी केस निघते, चार दिवस गाजते आणि विसरली जाते, पण ह्या दोन शब्दांपायी किती वह्या माळ्यावर गेल्या त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. विषयावर कुणीतरी आधी लिहिलं म्हणून आपण थांबायचं, ह्याच्याइतकं चुकीचं दुसरं कारण नाही आणि जो दुसरा येतो त्यानं तर लिहायलाच पाहिजे, हे मला इथं भांडून सांगायचंय.

आधी कंदिलाचं बघू, कारण चोरीवाल्यांचा सगळा पुरावा म्हणजे तो कंदीलच आहे. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरिपूर म्हणजे सांगलीला चिकटलेलं गाव, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिथल्या मातीचा गुण असा की पंधरा-वीस फूट खोल खड्डा खणायचा, तोंड माणूस उतरेल एवढंच अरुंद, पोट रांजणासारखं, आतनं पाला-चटया लावून हळद भरायची आणि तोंड लिंपून टाकायचं, की वर्षानुवर्षं हळदीला ना कीड ना ओल. वरनं चालणाऱ्याला पत्ता लागायचा नाही की पायाखाली कुणाचे तरी लाखो रुपये झोपलेत. पण पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आत हवा कोंडलेली असते, माणूस जागेवर जायचा. म्हणून दोरीला कंदील बांधून आधी तो खाली सोडायचा, वाकून बघत राहायचं, जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर सगळे गप बसून वाट बघणार. आता मला सांगा, हरिपूरच्या पेवांवर लिहायचं आणि कंदील नको, म्हणजे पंढरपूरवर लिहायचं आणि वीट नको म्हणण्यातलाच प्रकार नाही का? मला हा कंदील आजोबांनी सांगितलेला, मित्राला एका म्हाताऱ्या हमालानं, त्या मुलीला तिच्या आत्यानं सांगितला असेल नाहीतर शेजारच्या काकांनी. कंदील ह्यानं पण शोधला नाही आणि तिनं पण नाही, तो पेवाच्या तोंडाशी होताच, वाकेल त्याला दिसणार.

आणि दोघांना एकाच टायमाला कसं सुचलं ह्यात तरी एवढं गूढ काय आहे? २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, बरीचशी कायमची गेली, हळद गोदामात आणि कोल्ड स्टोरेजला गेली. त्या साली जी पोरं आठ-दहा वर्षांची होती ती आज तिशीत आहेत, म्हणजे मागं वळून बघायच्या आणि लिहायच्या वयात. मधी २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेवांचा विषय परत निघाला, २०१९ ला परत पूर आला तेव्हा परत निघाला. एखाद्या गोष्टीचं पेव फुटतं असं आपण म्हणतो ते उगाच नाही. एका पावसात दोन बांधांवर एकच गवत उगवलं तर ह्या बांधानं त्या बांधाचं चोरलं म्हणून पंचायत बसवायची का?

ह्या असल्या वेळेला मला डार्विन आठवतो. उत्क्रांती नैसर्गिक निवडीनं होते ही मूळ कल्पना त्याला सुचली १८३८ ला, १८४२ ला त्यानं तिचं पस्तीसेक पानांचं टिपण केलं, १८४४ ला ते वाढवून चांगलं दोनशे पानांच्या वर नेलं, बायकोला चिठ्ठी लिहून ठेवली की मी मेलो तर हे छापायची व्यवस्था कर, आणि बाड ठेवून दिलं. का, तर अजून पुरावे गोळा करायचेत. म्हणजे आपल्याकडं कादंबरी तोंडी सांगत चहा पाजणारा आणि हा, दोघं एकाच जातकुळीतले. जून १८५८ मधी त्याला तिकडं पूर्वेच्या बेटांवरनं, तर्नातेहून, वॉलेस नावाच्या निसर्ग-अभ्यासकाचं टपाल आलं, त्यात तोच सिद्धांत, तापानं फणफणलेल्या अवस्थेत सुचलेला, थोडक्या पानांत मांडलेला. डार्विननं दोस्ताला लिहिलं की माझं जे काही स्वतंत्र होतं त्याचा चुराडा झाला. हे 'घ्या, गेलं आपलं'च की! गंमत म्हणजे माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध दोघांनी वाचलेला आणि दोघांची गाडी तिथनंच पुढं सुटली, म्हणजे परत एकच पाऊस आणि दोन बांध. दोस्तांनी मधी पडून १ जुलै १८५८ ला दोघांचं लिखाण लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचून दाखवलं, कुणाचं लक्षही गेलं नाही, आणि सोसायटीच्या अध्यक्षानं पुढच्या वर्षी भाषणात सांगितलं की मागच्या वर्षात काही मोठा शोध लागला नाही (अध्यक्षांची भाषणं सगळीकडं सारखीच म्हणायची). मग जे वीस वर्षांत झालं नव्हतं ते डार्विननं सव्वा वर्षात केलं, नोव्हेंबर १८५९ ला पुस्तक बाहेर, पहिली आवृत्ती साडेबाराशे प्रतींची. आणि वॉलेस? त्यानं तीस वर्षांनी, १८८९ ला, स्वतःच्या पुस्तकाला नाव दिलं 'डार्विनिझम'. ज्याचं पत्र आधी निघालं त्यानंच दुसऱ्याचं नाव कव्हरवर टाकलं, आणि आमच्याकडं एका दीर्घकथेवरनं लोक एकमेकांच्या साखरपुड्याला जायचे बंद झालेत.

तरी शास्त्रात 'पहिला कोण' ह्याला काहीतरी अर्थ आहे हे कबूल, कारण तिथं उत्तर एकच निघतं, दुसऱ्यानं काढलं तरी तेच निघणार. लिहिण्यात तसं कुठं असतं?

आता समोरच्यांचे मुद्दे. चोरी होते, आणि ती झाली की लेखकाच्या हातात काही उरत नाही, हे शंभर टक्के खरं आहे. कल्पनेवर हक्क नाही हे आपल्या सुप्रीम कोर्टानंच सांगून ठेवलंय, १९७८ साली, आर. जी. आनंद ह्या नाटककाराच्या केसमधी. प्रांतवादावरचं त्यांचं 'हम हिंदुस्तानी' नाटक दिल्लीत १९५४ ला झालं, १९५६ ला 'न्यू दिल्ली' नावाचा सिनेमा आला, त्यातही प्रांतवाद, त्यातही वेगळ्या प्रांतांची दोन घरं आणि त्यांच्या पोरांचं प्रेम. आणि इथं तर सिनेमावाल्यांनी आधी नाटक ऐकलेलं होतं, म्हणजे कुठंतरी कानावर गेलं असेल असा मामला नव्हता. तरी आनंद हरले. कोर्ट म्हणालं कल्पना, विषय, कथानकाचा सांगाडा ह्यावर कुणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो मांडणीवर, आणि दोन्हींची मांडणी वेगळी आहे. आनंद ह्यांच्या जागी मी असतो तर मला कित्येक रात्री झोप आली नसती हे प्रामाणिकपणे सांगतो. विश्वासानं वाचून दाखवलेलं उचलणारा माणूस कायद्यानं सुटला तरी माणूस म्हणून हलकाच, त्याला चारचौघांत हलकं म्हणायला पाहिजे. पण म्हणून उलटा नियम करून बघा. समजा कोर्टानं सांगितलं असतं की प्रांतवाद हा विषय आता आनंद ह्यांचा, मग पुढं काय? पुरावर पहिली कथा लिहिणाऱ्याचा पूर, दुष्काळावर पहिली लिहिणाऱ्याचा दुष्काळ, आणि आटपाडी-जतच्या पोरानं स्वतःच्या आईची पाण्याची खेप लिहायच्या आधी कुणाची तरी एनओसी आणायची. चालेल?

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे आणि मी बरेच दिवस त्याला उत्तर शोधत होतो. मित्र म्हणाला, "तुझं सगळं बरोबर आहे रे, पण वाचणारे किती? हजाराची आवृत्ती खपता खपत नाही. पेवांवर एक येऊन गेलं, आता प्रकाशक म्हणणार ह्या विषयाचं आहे बाजारात, लायब्ररी म्हणणार ह्या विषयाचं आहे कपाटात." खोटं नाही हे. मी स्वतः एका वाचनालयाच्या पुस्तक खरेदीच्या मीटिंगला बसलोय, तिथं यादीवर पेन फिरवताना 'धरणावरचं आहे की एक' म्हणून एक नाव खोडलेलं बघितलंय. खोडणारा वाईट माणूस नव्हता, ग्रँट एवढीशी, कपाट फुटायला आलेलं. पण त्याच यादीत शिवचरित्रं सात होती, सातही घेतली, आणि कुणी म्हणालं नाही की महाराजांवरचं आहे की एक. म्हणजे जागा नाही हे कारण नसतंच, कुठला विषय एका पुस्तकात संपतो आणि कुठला सातात पण संपत नाही हे आपणच मनात ठरवून टाकलेलं असतं. जे आपल्याला मोठं वाटतं ते कितीही वेळा चालतं, हमालाचं मात्र एकदा सांगून झालं की झालं. माझा राग आहे तो ह्या ठरवण्यावर.

आणि मराठीचा इतिहास काय सांगतो? खांडेकर आमचेच, जन्म सांगलीचा. त्यांची 'ययाति' १९५९ ला आली. १९६१ ला गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक आलं, नाव 'ययाति'च, पंचविशीही न गाठलेल्या पोराचं. १९६६ ला शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी'. सात वर्षांत एकाच राजाला तीन लेखक भिडले. कार्नाडांना कुणी सांगितलं असतं की बाबा, शेजारच्या भाषेत ह्याच नावाची कादंबरी आलीये, गाजतीये, सोड, झालंय ते, तर पुरूची बायको चित्रलेखा जन्मालाच आली नसती. महाभारतात ह्या बाईला जागाच नाही, बापासाठी पोरानं म्हातारपण घेतलं ह्याचं कौतुक सगळे करतात, पण त्या पोराच्या बायकोचं काय, हा प्रश्न तिच्या तोंडून तिथं विचारला गेला. आणि खांडेकरांचं काय बिघडलं? १९७४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालंच. कर्णाचं पण तेच. १९६७ ह्या एकाच साली 'मृत्युंजय' आलं आणि इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' पण, एकात कर्ण सूर्यासारखा आणि दुसऱ्यात बाई त्याची इतकी कोरडी उलटतपासणी घेतात की वाचताना आपणच ओशाळतो, आणि १९७३ ला परत रणजित देसाईंचा 'राधेय'. मोरोपंतांनी तर एकट्यानं १०८ रामायणं लिहिली म्हणतात, त्यातलं एक असं की ओठ ओठाला लागतील असं अक्षरच नाही. त्यांना राम आधी कुणी लिहिलाय ह्याचा निरोप पोचला नव्हता बहुतेक.

इथं कुणीतरी म्हणणारच की ही पुराणं झाली, ती सगळ्यांचीच, नवीन विषयाचं सांगा. बरं, सांगतो. १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं आणि मराठी वाचकाला घाम फुटला. आता तेव्हाच्या समजूतदार मंडळींनी ठरवलं असतं की दलित माणसानं स्वतःचं जगणं लिहिणं हा विषय झाला, पुढचा विषय घ्या, तर? १९८० ला लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' आलं नसतं, आपल्या फलटणकडचं, कैकाड्यांच्या पालातलं, १९८१ ला आटपाडीच्या शंकरराव खरातांचं 'तराळ अंतराळ' नाही, १९८७ ला लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' नाही. आणि फलटणच्याच बेबीताई कांबळे. दुकानात बसून, गिऱ्हाईक नसताना, चोरून लिहायच्या, नवऱ्याला कळू नये म्हणून लिहिलेलं वीस वर्षं लपवून ठेवलेलं. १९८२ च्या सुमाराला ते मासिकातनं यायला लागलं, १९८६ ला 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. वीस वर्षं मागं मोजा आणि सांगा, ह्यात आधी कोण आणि नंतर कोण? सुचलं कुणाला आधी, लिहिलं कुणी आधी, छापलं कुणाचं आधी, ह्या तीन वेगळ्या रांगा आहेत आणि तिसऱ्या रांगेत बाई मागं राहिली ती कल्पना कमी पडली म्हणून नव्हे, लपवायला लागलं म्हणून. 'झालंय ते' हे वाक्य नेहमी असल्याच माणसाच्या कपाळी येतं, ज्याला वेळ मिळत नाही, ओळखी नाहीत, ज्याचं लिखाण पिठाच्या डब्यामागं नाहीतर माळ्यावर असतं. रिकामा वेळ असणारा पहिला येतो आणि मग विषय त्याचा, ही कसली न्यायाची गोष्ट?

सांगलीकरांना तर 'पहिला' ह्या शब्दाचा फार सोस. आपल्याकडं ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, कारण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. छाती फुगते, माझी पण फुगते. पण ते सुचलं कशावरनं, तर आदल्याच वर्षी कर्नाटकातनं एक नाटकमंडळी येऊन सांगलीत खेळ करून गेली, ते बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना सांगितलं की असं काहीतरी मराठीत करा. गोष्ट वाल्मीकीची, धाटणी कन्नड खेळियांची. आणि मराठीत तरी पहिलं का? तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या शेवटाला मराठी नाटकं लिहिली जात होती, म्हणजे दीडशे वर्षं आधी. मग भावे चोर की दुसरे? दोन्ही नाहीत, इथं नाटक रुजलं ते त्यांच्यामुळं रुजलं. आणि ह्याच हरिपूरचे देवल, ज्यांच्या गावच्या पेवांवरनं आपण भांडतोय, त्यांच्या 'संशयकल्लोळ'चा माग काढत गेलं तर मर्फीच्या १७६१ च्या इंग्रजी नाटकाला टेकतो, आणि तिथनं मोलिएरच्या १६६० च्या फ्रेंच नाटकाला. फाल्गुनराव वाचताना कुणाला पॅरिस आठवतं का सांगा.

माझं स्वतःचं पण एक बाड आहे, लपवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधी आम्ही सहा जण आणि एक म्हैस वरच्या मजल्यावर होतो. म्हैस जिन्यानं वर चढली पण उतरायला तयार होईना, पाणी ओसरलं तरी दोन दिवस वरच, शेवटी जिन्यावर गवत अंथरून, मागनं ढकलून, शिव्या घालून उतरवली. त्यावर मी चाळीस पानं लिहिली. मग एका दिवाळी अंकात पुराची कथा आली, वरचा मजला, अडकलेलं घर, म्हातारी. मी बाड बांधून ठेवलं आणि सगळ्यांना सांगत सुटलो की माझा विषय गेला. दोन वर्षांनी ती कथा परत वाचली तर त्यात म्हैसच नाही. साधी गोष्ट आहे, पण जळताना दिसत नाही. खरं सांगायचं तर मला त्या कथेचा राग नव्हता, सुटका झाल्यासारखं वाटलं होतं, आता लिहायला नको, आणि नाही लिहिलं त्याचा दोष पण दुसऱ्याच्या नावावर. मित्राचं पण थोडंसं असंच असेल का, हे मी त्याला विचारलं, तेव्हा तो आठ दिवस बोलला नाही.

नवव्या दिवशी चहाला आला. मी म्हटलं, बाकी सोड, तिच्या कथेत कंदील सोडल्यावर काय होतं? म्हणाला, विझतो, सगळे थांबतात, तिथंच संपते. आणि तुझ्यात? तो जरा घुटमळला, मग म्हणाला, माझ्यात कंदील जळतच राहतो, माणूस उतरतो, हळद वर काढतात, आणि पुढं २००५, त्याच पेवात पाणी, आणि तो माणूस पाणी उतरल्यावर परत कंदील घेऊन येतो, खाली काय उरलंय बघायला. मी विचारलं, काय उरलंय? म्हणाला, तेच माहीत नाही मला, भिजलेल्या हळदीचं लोकांनी नक्की काय केलं ते कुणाला नीट विचारलंच नाही अजून.

रविवारी हरिपूरला जायचं ठरलंय, तो म्हातारा हमाल आहे अजून, ऐकायला कमी येतं पण बोलतो भरपूर. तासगावच्या त्या मुलीला पण फोन केला होता, ती म्हणाली येते, तिला पण तेच विचारायचं होतं.